फोन भावाचा, ॲप तिचं

किशोरवयीन मुलींसाठी आरोग्याचं किंवा आहाराचं ॲप तयार झालं की त्याची चाचणी साधारण एकाच साच्यात होते. शाळेचा संगणक कक्ष, संस्थेने आणलेले नवेकोरे टॅब, जोरात चालणारं वायफाय, समोर प्रशिक्षक ताई आणि मागच्या बाकावर वर्गशिक्षिका. ताई आधी ॲप समजावून सांगतात, मुली थोडा वेळ हाताळतात आणि शेवटी फॉर्म भरतात: ॲप आवडलं का, सोपं वाटलं का, मैत्रिणीला सुचवशील का. मुली तिन्ही ठिकाणी 'हो' लिहितात. बाई बघत असताना नववीतली मुलगी दुसरं काय लिहिणार? अहवालात 'मुलींचा उत्स्फूर्त प्रतिसाद' असं छापून येतं आणि ॲप जिल्हाभर पोचवायची तयारी सुरू होते.

माझं म्हणणं असं की या प्रकारातून ॲपबद्दल जवळजवळ काहीच कळत नाही, आणि अशा चाचणीच्या भरवशावर सार्वजनिक पैसा खर्च होता कामा नये. वापरसुलभतेचं आंतरराष्ट्रीय मानक, आयएसओ ९२४१-११, तीन गोष्टी पकडून चालतं: ठरावीक माणूस, त्याचं ठरावीक काम आणि ते काम होतं ती ठरावीक परिस्थिती. वरच्या चाचणीत माणूस तेवढा बरोबर असतो. काम खोटं असतं आणि परिस्थिती तर सरळ उलटी असते.

ॲपच नकोत, असं मी म्हणत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वयाच्या मुलींमधलं रक्तक्षयाचं प्रमाण २०१५-१६ला ५४ टक्के होतं, ते २०१९-२१ला ५९ टक्क्यांवर गेलं. शाळेतून आठवड्याला लोहाची निळी गोळी देण्याची योजना दशकभर चालू असूनही हे झालं. मुलीच्या हातात योग्य माहिती थेट पोचली तर फरक पडू शकतो, म्हणूनच ती माहिती खरोखर पोचते का हे तपासणं महत्त्वाचं. न तपासता दिलेल्या साधनाचं काय होतं ते या राज्याने पाहिलं आहे. २०२१ साली हजारो अंगणवाडी सेविकांनी सरकारी मोबाइल परत केले, कारण अंगणवाडीतल्या नोंदींसाठीचा सरकारी ॲप, पोषण ट्रॅकर, मराठीत धड वापरता येत नव्हता आणि दिलेले फोन त्याचा भार पेलत नव्हते. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. त्या सेविका पगारी कर्मचारी होत्या, त्यांच्या संघटना होत्या, म्हणून त्यांचं म्हणणं ऐकू तरी आलं. चौदा वर्षांच्या मुलीला ॲप जमलं नाही तर ती फोन परत करत नाही. ती गप्प बसते आणि आपल्यालाच समजत नाही असं धरून चालते.

आता परिस्थितीकडे येऊ, कारण खरी गोम तिथेच आहे. त्याच पाहणीनुसार देशात १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी स्वतः वापरण्यासाठी मोबाइल असलेल्या ५४ टक्के आहेत. शाळकरी मुलीच्या हातात येणारा फोन बहुतेकदा वडिलांचा, आईचा नाहीतर भावाचा असतो. तो संध्याकाळी थोडा वेळ मिळतो, तेव्हा दिवसाचा डेटा संपत आलेला असतो. रॅम दोन-तीन जीबी, साठवण गच्च भरलेली, काचेला तडा. अशा फोनवर दीडशे एमबीचं ॲप उतरतच नाही, उतरलं तरी पहिला व्हॉट्सॲप व्हिडिओ जागा मागू लागला की घरातलं कुणीतरी ते काढून टाकतं. चाचणी करायची तर याच फोनवर करा. फार जुळवाजुळव लागत नाही: चार-पाच वर्षं वापरलेले, वेगवेगळ्या कंपन्यांचे चार अँड्रॉइड फोन घ्या, साठवण नव्वद टक्के भरा, वायफाय बंद ठेवून साधं सिम घाला आणि मधेच डेटा बंद करा. नोंद अर्धी भरलेली असताना नेट गेलं तर ती जपली जाते की पुसली जाते, हे पाच मिनिटांत दिसतं.

त्यानंतर ओटीपी. नोंदणीचा ओटीपी वडिलांच्या नंबरवर जातो आणि वडील शेतात किंवा कामावर असतात. फोन त्यांच्याचजवळ, म्हणजे ॲपही नाही आणि ओटीपीही नाही. संगणक कक्षात हा अडसर कधीच दिसत नाही, कारण खाती आदल्या दिवशी संस्थेच्या माणसाने उघडून ठेवलेली असतात. नोंदणीपासून सुरू न होणारी चाचणी मी चाचणी मानायला तयार नाही.

सगळ्यात महत्त्वाचा प्रयोग मात्र फोन हातातून जाण्याचा आहे, आणि तोच बहुतेक ठिकाणी होत नाही. मुलगी पाळीबद्दलचं पान वाचत असताना चाचणी घेणारीने अचानक म्हणायचं, "दे गं फोन जरा, एक कॉल करायचाय." मुलगी काय करते ते बघायचं. एका झटक्यात बाहेर पडता येतं का? फोन हातात आल्यावर चार जागा तपासायच्या. अलीकडच्या ॲपच्या यादीत ते पान चित्रासारखं दिसतंय का? नोटिफिकेशनच्या पट्टीत काय आहे? ॲपने व्हिडिओ यूट्यूबवर उघडला असेल तर तो भावाच्या खात्याच्या इतिहासात गेला का, आणि उद्या त्याला तसेच व्हिडिओ सुचवले जाणार का? चौथी जागा सहसा कुणाच्या लक्षात येत नाही: कीबोर्ड. मुलीने शोधपट्टीत 'पांढरं पाणी' टाइप केलं तर कीबोर्ड ते शब्द शिकतो आणि दुसऱ्या दिवशी भाऊ मित्राला निरोप लिहिताना 'पांढरं' म्हटल्याबरोबर पुढचा शब्द सुचवू शकतो. एवढ्यावरून घरात प्रश्न सुरू होतात आणि मुलीला फोन मिळणं बंद होतं. अलीकडच्या यादीतलं चित्र झाकणं आणि या चौकटीतले शब्द लक्षात ठेवू नकोस अशी सूचना कीबोर्डला देणं, दोन्ही अँड्रॉइडमध्ये अगदी थोड्या कामात होतं. तरी ते राहून जातं, कारण ॲप बनवणाऱ्याचा फोन त्याचा एकट्याचा असतो. युनिसेफने इंडोनेशिया आणि मंगोलियातल्या मुलींना सोबत घेऊन घडवलेलं 'ओकी' हे पाळीच्या नोंदीचं ॲप नेटशिवाय चालतं आणि एकाच फोनवर एकापेक्षा जास्त मुलींना आपापल्या पासवर्डने वापरता येतं. सामायिक फोन गृहीत धरून ॲप बांधता येतं, याचा हा पुरावा पुरेसा आहे.

आहाराच्या नोंदीचा भाग वेगळ्या तऱ्हेने फसतो. चाचणीत मुलीला एवढंच सांगा: "काल रात्री जे जेवलीस ते यात लिही." 'मेनूतून आहार नोंद उघड' असं सांगितलं की तिचं अर्धं काम आपणच केलेलं असतं. समजा ती बाजरीची भाकरी, मेथीची भाजी, शेंगदाण्याची चटणी आणि ताक जेवली. ती शोधपट्टीत रोमन अक्षरांत टाइप करते, भाकरीचं स्पेलिंग तिच्या मनाप्रमाणे. ॲपला एकच स्पेलिंग माहीत असतं, म्हणून उत्तर येतं 'काही सापडलं नाही'. ती मग जवळचं म्हणून चपाती निवडते. बाजरीची गव्हाची झाली, लोहाचा हिशोब तिथेच चुकला. पुढे ॲप विचारतं, किती ग्रॅम? भाकरी ग्रॅममध्ये कुणी मोजत नाही. तिला 'अर्धी', 'एक', 'चतकोर' कळतं. भाजी वाटीत कळते, पण वाटी केवढी? शिवाय दोन बहिणी एका ताटात जेवल्या असतील तर कुणाच्या वाट्याला किती, हे त्यांनाही सांगता येत नाही. चटणी चिमूटभर की दोन चमचे, यावर तेलाचा आणि प्रथिनांचा आकडा हलतो. म्हणून पदार्थांची यादी बनवताना प्रत्येक भागातल्या मुलींकडून आठवडाभराचं जेवण त्यांच्याच तोंडून लिहून घ्यावं आणि त्यातला प्रत्येक पदार्थ ॲपमध्ये शोधून पाहावा. मराठीत, रोमनमध्ये, चुकीच्या स्पेलिंगसह. पहिल्या तीन निकालांत तो आला नाही तर ती चूक ॲपची धरावी.

यादीमागचे आकडे कुठून आले हेही विचारलं पाहिजे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०१७चे भारतीय अन्नघटक तक्ते ५२८ खाद्यपदार्थांचे आहेत, आणि त्यांत १०० ग्रॅम बाजरीत सुमारे ६.४ मिलिग्रॅम लोह दिलं आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२०च्या शिफारशीनुसार १३ ते १५ वयाच्या मुलीला दिवसाला ३० मिलिग्रॅम लोह लागतं. अमेरिकी शिफारस १४ ते १८ वयाच्या मुलीसाठी १५ मिलिग्रॅम आहे, कारण तिथल्या आहारातलं लोह शरीरात जास्त प्रमाणात शोषलं जातं असं धरलेलं आहे. आपल्या धान्यप्रधान जेवणातलं जेमतेम ८ टक्के शोषलं जातं असं आयसीएमआर धरतं. ॲप अमेरिकी आकड्यावर उभं असेल तर शंभर ग्रॅम बाजरी खाऊन चौदा वर्षांच्या मुलीची दिवसाची गरज ४३ टक्के भागल्याचं ते दाखवेल. आपल्या आकड्याने ती २१ टक्के भागलेली असते. हिरवी पट्टी निम्म्याजवळ गेलेली बघून रक्तक्षय झालेली मुलगी निर्धास्त होते. पट्टी कशी भरते हे तिला झटकन कळलं, रंग आवडले, हे सगळं खरं असूनही ॲपने तिचं नुकसान केलं. वापरायला सोपं असलेलं चुकीचं ॲप हे वापरायला अवघड असलेल्या चुकीच्या ॲपहून जास्त धोक्याचं.

वजनाच्या बाबतीत तर हे आणखी उघड दिसतं. १३ वर्षं पूर्ण झालेली, १५० सेंटिमीटर उंचीची, ४० किलो वजनाची मुलगी घ्या. तिचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, १७.८. प्रौढांची १८.५ची रेघ लावणारं ॲप तिला 'वजन कमी' म्हणून शिक्का मारतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या ५ ते १९ वयासाठीच्या २००७च्या तक्त्यात या वयाच्या मुलीची खालची मर्यादा १४.९ आहे, म्हणजे ती अगदी ठीक आहे. तिच्याच उंचीची ५२ किलोची मैत्रीण, बीएमआय २३.१, प्रौढांच्या मोजपट्टीत 'सामान्य' ठरते. मुलींच्या तक्त्यात मात्र २१.८च्या वर जादा वजन सुरू होतं. दोघींना उलटा निरोप गेला. ॲपमध्ये आधी वय आणि मग बीएमआय असा हिशोब आहे का, हे पाहायला मुलींची गरजही नाही. अशा वीस काल्पनिक नोंदी टाकून एका दुपारी तपासता येतं.

मुलींची गरज त्यापुढे लागते. निकालाचं पान दाखवल्यावर तिला एकच प्रश्न विचारा: "हे वाचून उद्या तू वेगळं काय करशील?" 'सकाळी खाऊन जाईन' असं उत्तर आलं तर ठीक. 'रात्री जेवणार नाही' असं एकीनेही म्हटलं तर ते पान तिथल्या तिथे बंद करावं, बाकीच्यांचं मत अनुकूल असलं तरी. १३ ते १५ वयाच्या मुलीची उर्जेची गरज आयसीएमआरने दिवसाला २४०० किलोकॅलरी धरली आहे. प्रौढांच्या वजन घटवण्याच्या ॲपमधलं १२०० कॅलरीचं लक्ष्य आणि ते ओलांडलं की लाल होणारं वर्तुळ वाढत्या अंगाच्या मुलीसमोर ठेवणं हा निव्वळ बेजबाबदारपणा आहे.

पाळीच्या नोंदीचंही असंच. बहुतेक कॅलेंडरं २८ दिवस गृहीत धरतात. पाळी सुरू झाल्यावर पहिली काही वर्षं २१ ते ४५ दिवसांचं चक्र स्वाभाविक असतं. तिसाव्या दिवशी 'तुमची पाळी उशिरा आहे' असा निरोप आला तर मुलगी घाबरते, आणि तो निरोप भावाने वाचला तर घर घाबरतं. उलट दर एक-दोन तासाला पॅड भिजत असेल किंवा ९० दिवस पाळीच आली नसेल तर डॉक्टरकडे जायला हवं, हे सांगणारी ओळ चार पानं आत दडलेली असते. ती ओळ मुलीला किती वेळात सापडते हे घड्याळ लावून मोजावं.

चाचणी प्रत्यक्ष घ्यायची कशी, याबद्दल थोडं सविस्तर. 'पाच जणांवर चाचणी घेतली की पुरे' हा सल्ला सर्रास दिला जातो. वापरसुलभतेचे तज्ज्ञ जेकब नीलसन यांच्या त्या हिशोबात एक अडचण सरासरी ३१ टक्के लोकांना भेडसावते असं धरलं आहे, म्हणून पाच जणांत सुमारे ८५ टक्के अडचणी दिसतात. जी अडचण दहातल्या एकाच मुलीला येते ती पाच जणींच्या चाचणीत दिसण्याची शक्यता ४१ टक्के, पंधरा जणींत ७९ टक्के. आरोग्याच्या ॲपमध्ये नेमक्या या दहातल्या एकीच्याच अडचणी जिवावर येणाऱ्या असतात. म्हणून एका गटात पाच पुरतील, पण गट अनेक हवेत: शहरातल्या वस्तीतली मुलगी, ऊसतोडीला आईवडिलांबरोबर जाणारी, गडचिरोली किंवा नंदुरबारच्या आश्रमशाळेतली, शाळा सोडलेली. आश्रमशाळेतल्या मुलीची घरची बोली माडिया किंवा भिली असू शकते, पुस्तकी मराठी तिच्यासाठी दुसरी भाषा असते. तिथे वाचून दाखवणारा आवाज उपयोगी पडतो, पण एका खोलीच्या घरात तो आवाज सगळ्यांना ऐकू जातो हेही त्याच चाचणीत पाहायला हवं.

मुलीला एकटीला बसवून 'मनात येईल ते बोलत राहा' म्हटलं की ती मुकी होते. दोन मैत्रिणींना एका फोनवर बसवा. "अगं इथे दाब", "नाही गं, ते मागचं होतं" या कुजबुजीत सगळी माहिती असते. चाचणी घेणारी बाईच असावी, शाळेची नसावी, आणि तिने पहिली दोन मिनिटं तोंड उघडू नये. मदतीच्या पायऱ्या आधीच ठरवाव्यात: काहीच नाही, 'अजून बघ', सूचक इशारा, करून दाखवणं. पहिल्या दोन पायऱ्यांत झालेलं काम तेवढं यश म्हणून मोजावं. वाचलेलं कळलं का हे विचारण्याऐवजी, उद्या मैत्रिणीला कसं सांगशील ते सांगायला लावावं. निळ्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड असतं, हे मुलीला पाठ नसलं तरी चालेल. गोळी जेवणानंतर घ्यायची, चहाबरोबर नाही, शौचाला काळी होते ते घाबरण्यासारखं नाही, एवढं तिने आपल्या शब्दांत सांगितलं पाहिजे.

शेवटी भरून घेण्याच्या प्रश्नावलीवर माझा फारसा विश्वास नाही. सर्वाधिक वापरली जाणारी एसयूएस (सिस्टिम युझेबिलिटी स्केल) ही वापरसुलभतेची प्रश्नावली दहा विधानांची आहे, एक अनुकूल, एक प्रतिकूल अशी आलटून पालटून. कंटाळलेली किंवा बाईंना खूश करू पाहणारी मुलगी एकाच रकान्यात वरपासून खालपर्यंत खुणा करते. रकाना कुठलाही असो, अशा कागदाचे गुण गणिताने शंभरपैकी बरोबर ५० येतात. सरासरी काढताना हे कागद ओळखून बाजूला काढले नाहीत तर आलेला आकडा ॲपबद्दल काही बोलत नाही, खुणा करणाऱ्या हाताच्या थकव्याबद्दल बोलतो. त्यापेक्षा चार आठवड्यांनी त्याच मुलींना भेटून ॲप फोनवर आहे का, नसेल तर कुणी काढलं, हे विचारणं जास्त मोलाचं.

संमतीचा मुद्दा औपचारिक म्हणून उरकला जातो. आयसीएमआरच्या २०१७च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांनुसार पालकांच्या संमतीबरोबर १२ ते १८ वयाच्या मुलीची स्वतःची लेखी मान्यता लागते, म्हणजे आईने सही केली तरी मुलगी 'नको' म्हणू शकते. आणि पाळी, शरीर, घरचं जेवण यावर बोलताना एखादी मुलगी अत्याचाराबद्दल बोलून गेली तर मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पॉक्सो कायद्याने ते कळवणं बंधनकारक आहे. काय करायचं, कुणाला फोन करायचा, मुलीला आधी काय सांगायचं, हे चाचणीच्या दिवसाआधी ठरलेलं नसेल तर चाचणी घेऊच नये.

यावर दोन आक्षेप येतात. एक, एवढं करायला वेळ आणि पैसा कुठून आणायचा. वर सांगितलेल्या बहुतेक गोष्टींना जुने फोन, चार-पाच तयार ताई आणि काही आठवडे लागतात. प्रचाराचे फलक आणि उद्घाटनाचे मांडव यांच्यासाठी तजवीज होते, तर यासाठीही होऊ शकते. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: मुलीच्या फोनमध्ये पालकांपासून काही झाकायची सोय आपण का करून द्यावी? २०२३चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा तर १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती हाताळण्यासाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती मागतो. पालकांची काळजी रास्त आहे, ती मी उडवून लावत नाही. पण पांढऱ्या पाण्याबद्दल वाचणारी मुलगी गुन्हा करत नसते, आणि वडिलांना सांगावं लागेल या भीतीने तिने न वाचणं हे कुठल्याच पालकाला हवं नसतं. यातून वाट आहे: ॲपने नाव, नंबर, खातं काहीच मागू नये, सगळ्या नोंदी फोनमध्येच राहाव्यात. माहिती बाहेर गेलीच नाही तर ती हाताळण्याच्या संमतीचा गुंता बराचसा सुटतो. आणि गेली तर कुठे जाते याचा अनुभव जगाला आहे: पाळीची नोंद ठेवणाऱ्या 'फ्लो' या लोकप्रिय ॲपवर वापरणाऱ्यांची माहिती फेसबुक आणि गूगलसारख्या कंपन्यांना पुरवल्याचा ठपका अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ठेवला होता, आणि २०२१मध्ये ते प्रकरण तडजोडीने मिटलं.

सरकारी निधीतून किंवा शाळांमार्फत मुलींपर्यंत जाणाऱ्या प्रत्येक ॲपसाठी निविदेतच एक अट असावी. शेवटचा हप्ता चाचणीचा अहवाल मराठीत सगळ्यांसाठी खुला झाल्यावरच मिळेल. अहवालात चाचणी कुठल्या फोनवर घेतली, किती मुली, कुठल्या, मदतीशिवाय कितींना काय जमलं, फोन दुसऱ्याच्या हातात गेल्यावर काय दिसलं, आकडे कुठल्या तक्त्यातले आणि चार आठवड्यांनी किती फोनांवर ॲप उरलं होतं, एवढं असावं. दोन पानांत मावतं.